सोलो सोडा, ठेका ऐका: झाकले गेलेले रॉक गिटारिस्ट कसे शोधायचे आणि त्यांच्याकडून काय उचलायचं

कुठेही रॉकचा विषय काढा, पाचव्या मिनिटाला तीच नावं येतात. हेंड्रिक्स, क्लॅप्टन, पेज, गिलमोर, आणि बोलणाऱ्याच्या वयाप्रमाणे स्लॅश किंवा सॅट्रिआनी. त्यांच्याबद्दल वाद नाहीच, पण ही यादी आपण कानाने बनवलेली नसते, पोस्टर बघून आणि कोणीतरी मोठ्या दादाने सांगितलं म्हणून बनवलेली असते. मला हे कळायला कॉलेजचं गॅदरिंग लागलं. तीन महिने घासून एक सोलो बसवला होता, तो वाजलाही बरा, पण बाकीची चार मिनिटं ज्या कॉर्ड वाजवल्या त्या इतक्या ढिल्या की ड्रमर एकीकडे आणि मी एकीकडे, आणि स्टेजवरून खाली उतरल्यावर मित्र म्हणाला, "सोलो भारी होता रे, पण गाणं कुठलं होतं?"

तेव्हापासून मी उलटं ऐकायला लागलो. सोलो आला की त्याच्या मागे काय चाललंय ते ऐकायचं. त्यातून जी माणसं सापडली ती आणि ती ऐकायची पद्धत, दोन्ही सांगतो.

आधी तो ब्लूटूथ स्पीकर बाजूला ठेवा. छोटे स्पीकर बरेचदा डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र करून सोडतात आणि मग दोन गिटार वेगळ्या ऐकूच येत नाहीत. साधे वायरवाले इअरफोन घ्या, फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना तेवढं बघा (चालू असेल तर पुढचं सगळं फुकट), आणि एसी/डीसी ह्या बँडचं गाणं लावा, लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. आता एक कान काढा, मग तो घालून दुसरा काढा. एका बाजूला अँगस यंग, शाळेचा युनिफॉर्म घालून स्टेजभर नाचणारा, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मोठा भाऊ माल्कम. ओळखायची खूण सोपी आहे, सोलो सुरू झाल्यावरही ज्या कानात ठेका तसाच चालू राहतो तो माल्कम.

ढोल-ताशा पथकात सगळ्यांचे मोबाइल ताशावाल्याकडे वळलेले असतात, पण ढोल जरा सैल पडला की ताशा कितीही कडकडू दे, मिरवणूक बसते. माल्कम म्हणजे तो ढोल. त्याच्याकडे १९६३ ची एक ग्रेच गिटार होती, तिच्यावरचे जास्तीचे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक) त्याने काढून टाकले आणि फक्त ब्रिजजवळचा एक ठेवला, तारा जाड लावल्या, आणि अँपचा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा बराच कमी. आपण काय करतो? मोठा आवाज हवा म्हणून डिस्टॉर्शन फुल करतो, मग सगळी कॉर्ड चिखल होते, कुठली तार कुठे गेली पत्ता नाही. तर आजपासून गेन निम्म्यावर आणा आणि जोर हातातून काढा. एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्ड नको, साध्या ओपन ई, डी आणि ए, पहिल्याच आठवड्यात शिकवतात त्या. एक वाजवा, लगेच तळहाताने तारा दाबून बंद करा, मोकळी जागा मोजा, मग पुढची. 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) चा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ह्याच तीन कॉर्डने सुरू होतो, सगळी मजा मधल्या शांततेत आहे आणि ती शांतता वाजवणं बोटं पळवण्यापेक्षा अवघड आहे, करून बघा. माल्कम २०१७ मध्ये गेला, त्याच्याआधी तीन वर्षं डिमेन्शियामुळे बँड सुटला होता. अजूनही टी-शर्टवर अँगसच असतो.

दुसरी सवय लावायची ती म्हणजे गाण्याखाली कोणाचं नाव आहे आणि आपल्याला लक्षात काय राहतं हे ताडून बघायची. 'द पोलीस'चं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' घ्या. गाणं बँडचा गायक स्टिंग, त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. पण डोळे मिटून आठवा, आधी काय ऐकू येतं? ती टुकटुक चालणारी गिटार, आणि ती बँडचा गिटारिस्ट अँडी समर्सची. १९९७ मध्ये रॅपर पफ डॅडीने आपल्या गाण्यासाठी जे उचललं तेही हेच गिटारचं वळण, तरी लोक त्याला स्टिंगचं गाणं म्हणतात, समर्स कोण ते विचारावं लागतं. बोटं अशी ठेवायची: सगळ्यात जाड तारेवर पाचवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर), तिच्या खालच्या तारेवर सातवा, त्याच्या खाली नववा, आणि चौथं बोट संपल्यावर पहिल्या बोटाने परत मागे येऊन त्याच्याही खालच्या 'जी' (G) तारेवर सहावा. एकेक तार, तळहात ब्रिजवर हलका टेकवून. हात फाटल्यासारखा वाटेल, सगळ्यांनाच वाटतो. जमत नसेल तर हेच सगळं पाच फ्रेट वर सरकवा म्हणजे दहा, बारा, चौदा, अकरा, तिथे फ्रेट जवळजवळ असतात, आणि बोटं मोकळी झाली की रोज एकेक घर खाली या. मला तीन आठवडे लागले, आणि त्यातला एक आठवडा मी बहुतेक शिव्याच दिल्या.

आता काही लोक त्यांच्याच बँडखाली गाडले गेलेत. शिकागो हा बँड म्हटलं की ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ऐंशीच्या दशकातली रडकी प्रेमगीतं आठवतात ना? त्या बँडच्या सुरुवातीला टेरी कॅथ नावाचा एक माणूस होता. १९७० चं '२५ ऑर ६ टू ४' लावा आणि मधला सोलो ऐका, वाह पेडल (पायाने दाबून गिटारला 'वाँव-वाँव' बोलायला लावणारं यंत्र) दाबून माणूस जे सुटलाय ते सुटलाय, आणि मागे पितळी वाद्यांची फौज असूनही दबत नाही. त्यांच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याचा जवळपास सात मिनिटांचा नुसता गिटारचा किंचाळा आहे, गाणं-बिणं काही नाही, तो एकदा ऐका, दुसऱ्यांदा तुमची मर्जी, घरच्यांसमोर तर नकोच. १९७८ च्या जानेवारीत हातातलं पिस्तूल चुकून सुटून तो गेला, बत्तिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. बँड पुढे वेगळ्याच वाटेने गेला आणि नाव मागे राहिलं.

पीटर ग्रीनचं दुखणं आणखी वेगळं. 'ब्लॅक मॅजिक वुमन' सांतानाचं आहे असं छातीठोक सांगणारे दहापैकी नऊ भेटतील, ते मुळात ग्रीनचं, फ्लीटवुड मॅकने १९६८ मध्ये काढलेलं, सांतानाचं दोन वर्षांनी आलं. आणि फ्लीटवुड मॅक ग्रीननेच सुरू केला हेही लोकांना माहीत नसतं कारण पुढे त्याच नावाने वेगळाच बँड जगभर गाजला. ग्रीनकडून शिकायचं ते कमी वाजवणं. एक सूर, त्याच्यावर थांबणं, श्वास, मग दुसरा. ज्यांनी घरात भीमसेन किंवा किशोरीताई ऐकत मोठं होण्याचं नशीब काढलंय त्यांना हे पटकन कळेल, एका स्वरावर किती वेळ राहता येतं ते. त्याच्या १९५९ च्या लेस पॉलच्या नेकजवळच्या पिकअपमधलं मॅग्नेट उलटं होतं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज एकमेकांना थोडे खातात आणि बारीक, नाकातून आल्यासारखा, ओलसर टोन निघतो. ती गिटार नंतर गिटारिस्ट गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. पण कृपा करून लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आपली गिटार उघडू नका, आधी पाच सूर घ्या, फक्त पाच, आणि दोन मिनिटं त्याच्यातच वाजवा. कंटाळा आला तर गिटारमध्ये काही बिघाड नाहीये.

रोरी गॅलाघर हा माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे इथे जरा वाहवत जाईन. आयरिश माणूस, अंगावर चेक्सचा शर्ट, आणि १९६१ ची फेंडर स्ट्रॅट जिचा रंग इतका उडालाय की गिटार आहे का जुन्या वाड्याचा दरवाजा कळत नाही. सिंगल्स, म्हणजे एकेकट्या गाण्याच्या रेकॉर्ड, काढायला त्याने साफ नकार दिला, म्हणजे रेडिओवर वाजायचा राजमार्गच स्वतः बंद केला, आणि आयुष्यभर गावोगाव लाइव्ह वाजवत राहिला. १९९५ मध्ये गेला, वय ४७. क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याने पोरवयात त्याला गाठून विचारलं होतं की हा आवाज येतो कुठून, तर ह्याने सरळ सांगून टाकलं, व्हॉक्सचा एसी ३० अँप आणि त्याच्या आधी एक छोटा ट्रेबल बूस्टर, म्हणजे बारीक आवाज चढवणारा डबा. मेने तेच घेतलं आणि पुढचं आपल्याला माहितीये. रोरीचं ऐकायला १९७४ चा 'आयरिश टूर' घ्या, स्टुडिओतलं नंतर. आणि उचलायची गोष्ट म्हणजे त्याची करंगळी. वाजवता वाजवता करंगळीने व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब फिरवत राहायचा, टोनचा नॉब झटक्यात फिरवून वाह पेडलसारखा आवाज काढायचा. आपल्यातले निम्मे लोक घेतल्या दिवशी नॉब दहावर नेतात आणि त्यावर धूळ बसते. एक आठवडा सगळी पेडल कपाटात टाका, अँप थोडा मोठा ठेवा, आणि साथीला व्हॉल्यूम सहावर, सोलोला दहावर, एवढं नुसत्या करंगळीने करा.

मुळाशी जायचं असेल तर सिस्टर रोझेटा थार्प. चर्चमध्ये गाणारी बाई, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, १९४४ मध्ये जे रेकॉर्ड केलं त्याच्यात रॉक अँड रोलची चाल सरळ ऐकू येते, एल्व्हिस तेव्हा नऊ वर्षांचा होता. १९६४ चं मँचेस्टरच्या एका बंद रेल्वे स्टेशनवरचं तिचं शूटिंग शोधा, पाऊस पडतोय, प्रेक्षक समोरच्या प्लॅटफॉर्मवर, आणि ही कोट घालून पांढऱ्या गिब्सनवर सोलो घेतेय. १९७३ मध्ये ती गेली, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २०१८ मध्ये. लिंक रेही ह्याच रांगेतला, अँपच्या स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडून आवाज खरखरीत केला, आणि १९५८ च्या त्याच्या ट्यूनवर काही रेडिओ स्टेशन्सनी बंदी घातली, शब्द एकही नसताना!

आपल्याकडचंही सांगायला हवं. मुंबईच्या रॉक मशीनचा, म्हणजे नंतरच्या इंडस क्रीडचा महेश तिनईकर. १९८४ मध्ये बँड सुरू झाला, १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, ज्या काळात बाकीचे बहुतेक बँड परक्यांचीच गाणी वाजवायचे. आणि कोचीच्या मदरजेन बँडमधून गाजलेला बैजू धर्मजन, ह्याची गिटार कर्नाटकी गमकात वळते, तारेवर बोट असं सरकतं की मींड ऐकलेल्या कानाला ओळखीचं वाटतं.

वाजवायला घेताना टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते लिहिलेला कागद) शेवटी उघडा. आधी तो भाग तोंडाने म्हणा, तबलजी बोल पढतात तसा, थांबण्याच्या जागांसकट. तोंडाने जमलं की व्हिडिओचा स्पीड पाऊणपट करून हातावर घ्या. मग फोनवर रेकॉर्ड करा, आणि ऐकताना सोलोचा भाग पुढे ढकलून फक्त कॉर्ड ऐका. माझं पहिलं रेकॉर्डिंग मी चाळीस सेकंदांत डिलीट केलं, दुसरं ठेवलंय, माल्कमवाल्या तीन कॉर्डचं, त्यातली दुसरी अजूनही अर्धा ठोका आधी पडते.