घरगुती लेथवर ड्रमचं खोड कातताना आधी स्पीड उतरवा
लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, बनवताना सगळे मोटर किती एचपीची हेच विचारत बसतात, पण ड्रमच्या खोडासाठी, म्हणजे त्याच्या पोकळ लाकडी अंगासाठी, खरा प्रश्न स्पीडचा आहे. 1440 आरपीएमची (मिनिटाला 1440 फेरे) मोटर डायरेक्ट जोडू नका, 12 इंची ओबडधोबड ओंडका त्या स्पीडला अख्खं स्टँड हलवतो. मोटरवर 2 इंची आणि शाफ्टवर 8 इंची पुली टाकली की साधारण 360 आरपीएम मिळतात, लाकूड गोल होईपर्यंत एवढं बास. स्टँडवर खाली वाळूच्या गोण्या ठेवा. आतून पोकळ करायला घेतलं की बाहेरून तीन चाकांचा आधार द्याच, नाहीतर पटाशी टेकली की मोकळं टोक थरथरतं आणि आत लाटा लाटा उठतात, मग त्या घासत बसा. आणि स्विच टाकायच्या आधी प्रत्येक वेळी एक फेरा हाताने फिरवून बघा, लाकूड टूल रेस्टला (पटाशी टेकवायच्या आधाराला) कुठे घासत नाही ना.