पाळी जाण्याच्या काळात अ‍ॅप वापरताय? या चुका टाळा

चाळिशी ओलांडली, पाळी कधी वीस दिवसांत तर कधी पन्नास दिवसांनी येऊ लागली, रात्री अंगातून वाफा निघायला लागल्या, की हल्ली मैत्रीण आधी अ‍ॅप सुचवते आणि मग डॉक्टर. त्यात वाईट काही नाही. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षाच्या आसपास जाते, पण शरीरातली उलथापालथ त्याआधी काही वर्षं सुरू झालेली असते. एवढं सगळं डोक्यात राहत नाही. "शेवटची पाळी कधी आली होती?" असं डॉक्टर विचारतात आणि आपण "गौरींच्या आधी... की नंतर?" असं पुटपुटत राहतो. त्या प्रश्नाला तारीख देणं, हे अ‍ॅपचं खरं काम. अ‍ॅप अंदाज बांधू लागतं आणि आपण तो अंदाज निदान म्हणून घेतो, तिथून घोळ सुरू होतो.

जुनंच अ‍ॅप, जुन्याच सेटिंगवर

अनेकींच्या फोनमध्ये मूल हवं होतं तेव्हापासूनचं पाळीचं अ‍ॅप असतं. त्याचा सगळा हिशेब नियमित चक्रावर बेतलेला. चक्र हललं की ते 'पाळी १९ दिवस उशिरा' असं रोज बजावतं आणि सोबत अंडोत्सर्गाचे व 'सुरक्षित' दिवसांचे अंदाजही देत राहतं. या वयात कोणत्या महिन्यात अंडं बाहेर पडेल आणि कोणत्या महिन्यात नाही, याचा नेम नसतो. सेटिंगमध्ये पेरिमेनोपॉजचा, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या बदलांच्या काळाचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर अंदाज आणि सूचना बंद करून फक्त तारखा टाका.

'सुरक्षित दिवस' बघून गर्भनिरोधक सोडणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायला सांगतात. पाळी लांबली आणि दिवस राहण्याची थोडीही शक्यता असेल, तर आधी घरच्या घरी गर्भचाचणी करा. 'आता या वयात कुठलं' हे उत्तर नव्हे.

पहिला दिवस कोणता?

नोंदींमधला सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. दोन दिवस नुसते डाग दिसले, ते पाळी म्हणून टाकले. बारा दिवसांनी खरी पाळी आली, तीही टाकली. अ‍ॅपने लगेच तुमचं चक्र बारा दिवसांचं करून टाकलं. नेहमीसारखा रक्तस्राव ज्या दिवशी सुरू झाला तो पहिला दिवस. डाग 'स्पॉटिंग'मध्ये टाका. उलटंही होतं. लग्नाच्या धावपळीत एक पाळी नोंदवायची राहिली की दोन चक्रांचं मिळून साठ दिवसांचं एक चक्र तयार होतं.

हे क्षुल्लक वाटेल, पण डॉक्टर याच आकड्यांवरून टप्पा ठरवतात. लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडू लागला, की बदल सुरू झाला असं धरतात. ६० किंवा अधिक दिवस पाळी न येणं ही पुढच्या टप्प्याची खूण. म्हणजे विसरलेली एक नोंद तुम्हाला कागदावर पुढच्या टप्प्यात नेऊन बसवते. मागची तारीख आठवत नसेल तर पॅड किंवा गोळ्यांची बिलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप चाळा, आणि खात्री नसेल तिथे 'अंदाजे' असं लिहून ठेवा.

पाळी गेली असं म्हणायला सलग बारा महिने कोरडे जावे लागतात. नवव्या महिन्यात पाळी आली की मोजणी पुन्हा शून्यापासून. वैताग येतो आणि ती नोंद न करण्याचा मोह होतो, पण करा. बारा महिने पूर्ण झाल्यावर मात्र रक्त दिसलं, अगदी एखादा डाग जरी, तर ते पाळीच्या रकान्यात टाकून मोकळ्या होऊ नका. अ‍ॅप कदाचित उत्साहाने नवं चक्र सुरू करून देईल. तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच खुणेवरून लवकर सापडतो.

गणपतीतल्या गोळ्या

ही आपल्याकडची खास गडबड. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातलं लग्न, काहीही असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. अ‍ॅपला याचा पत्ता नसतो. त्याला दिसतं लांबलेलं चक्र आणि मग धो धो आलेली पाळी. गोळी सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख टिपणीत टाका. गर्भाशयात हार्मोनचं साधन बसवलेलं असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर रक्तस्रावावरून टप्पा ओळखताच येत नाही. तिथे चक्राकडे दुर्लक्ष करून बाकीच्या त्रासाच्या नोंदी ठेवा.

पिशवी काढलेल्यांची पंचाईत वेगळी. महाराष्ट्रात हा प्रश्न लहान नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशय जागेवर असतील तर हार्मोन बनत राहतात. ऑपरेशनची तारीख 'शेवटची पाळी' म्हणून टाकली तर अ‍ॅप तुम्हाला रजोनिवृत्त ठरवून टाकतं. अंडाशयही काढले असतील तर मात्र हार्मोन एकदम तुटतात आणि त्रास अंगावर कोसळतो. ऑपरेशनच्या कागदावर नेमकं काय काढलं ते वाचा आणि तेच नोंदवा. चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधी असं झालं असेल तर नोंदी साठवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना लवकर भेटा. हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो.

वाफा मोजताना

'आज खूप त्रास झाला' या नोंदीचा पुढे उपयोग होत नाही. किती वेळा आणि किती जोराने, एवढं हवं. औषधांच्या चाचण्यांमध्ये वापरतात ती पट्टी सोपी आहे: नुसतं गरम वाटलं, घाम नाही, तर सौम्य. घाम आला पण हातातलं काम चालू राहिलं, तर मध्यम. काम सोडून पंख्याखाली बसावं लागलं, तर तीव्र. महिनाभर रोज नोंदवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे दोन-तीन आठवडे नीट लिहिले तर पुरतं. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात निम्म्याहून अधिक बायकांना वारंवार येणाऱ्या वाफांचा त्रास सात वर्षांहून जास्त काळ राहिला. इतकी वर्षं दिवसातून चार वेळा फोन उघडणं कोणालाही झेपायचं नाही.

शेजारी परिस्थितीही लिहा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला ४५ अंशांत, लाइट गेलेली असताना येणारा घाम सगळ्यांचाच असतो. एकादशीचा उपास, रात्री उशिराचं तिखट जेवण, चौथा कप चहा, हे दोन शब्दांत टिपलं तर शेवटी काहीतरी धागा सापडतो.

सगळंच 'त्या वयाचं' नसतं

अ‍ॅपमध्ये लक्षणांची भली मोठी यादी असते. धडधड, थकवा, केस गळणं, सांधेदुखी, विसरभोळेपणा. एकेकीवर टिचकी मारत गेलं की सगळं जुळतं आणि वर गुणांकही मिळतो. पण हीच यादी थायरॉइडलाही लागू पडते. हिमोग्लोबिन कमी असलं तरी धाप लागते, छाती धडधडते, आणि या वयात अंगावरून जास्त जाणाऱ्यांचं ते बरेचदा कमी असतं. रात्रीच्या घामासोबत वजन घटत असेल, बारीक ताप किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर ते हार्मोन समजून थांबू नका. आपल्या देशात टीबीची तपासणी आधी. चालताना छातीत दुखणं, दर तासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, मनात जीव द्यायचे विचार येणं, या गोष्टी अ‍ॅपमध्ये भरायच्या नसतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अ‍ॅपने सुचवलं म्हणून परस्पर लॅबमध्ये जाऊन एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी करून घेणंही वाढलंय. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर सहसा या तपासणीची गरज नसते. या काळात हा आकडा आठवड्याआठवड्याला वर-खाली होतो. आज 'नॉर्मल' आला म्हणून बदल सुरू झालेला नाही असं होत नाही. पंचेचाळिशीच्या आधी पाळी लांबत असेल तर डॉक्टर स्वतःच तपासण्या सांगतात.

आणि काही रकाने हमखास रिकामे राहतात: योनीतला कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीची जळजळ, खोकताना-शिंकताना लघवी सुटणं. मुलीच्या हाती फोन पडेल म्हणून, किंवा स्वतःशीच कबूल करायला नको म्हणून. वाफा काळाने कमी होतात, कोरडेपणा उपचाराशिवाय बहुधा वाढत जातो, आणि त्यावर साधी लावायची क्रीम मिळते. तेव्हा हे रकाने आधी भरा.

फोनच्या भानगडी

आठवण येतच नाही? अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद पाडतात. त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बंधनं काढा. लॉक असलेल्या स्क्रीनवर सूचनेचा मजकूर दिसू नये असं सेटिंग करा. खातं मुलाच्या ईमेलवर उघडू नका, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर ओटीपी पुण्यात आणि तुम्ही साताऱ्यात. फोन बदलण्याआधी नोंदी पीडीएफमध्ये उतरवून घ्या. ती फाइल 'कुटुंब' ग्रुपवर जात नाहीये ना, हे पाठवण्याआधी बघा.

माहिती कुठे जाते याचा विचारही करावाच. फ्लो या प्रसिद्ध अ‍ॅपवर वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला होता. २०२१मध्ये त्यात तडजोड झाली. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, तरी लोकेशन आणि संपर्कयादीची परवानगी नाकारणं आपल्याच हातात आहे. पाळीच्या अ‍ॅपला तुमची संपर्कयादी कशाला हवी? शिवाय अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणजे खातं मिटत नाही, आणि सदस्यत्वाचे पैसे कापले जाणंही थांबत नाही. प्ले स्टोअरमधल्या सदस्यत्वांच्या पानावर जाऊन ते रद्द करा, मगच अ‍ॅप उडवा.

डॉक्टरांसमोर

तपासणीच्या खोलीत फोन पुढे करून रंगीत आलेख सरकवत बसू नका; तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. एक पान लिहून न्या: गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, आठवड्यात किती वाफा आणि त्यातल्या तीव्र किती, रात्री किती वेळा जाग येते, चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक काढे आणि मैत्रिणीने दिलेल्या सोयाच्या गोळ्यांसकट. आई-मावशीला स्तनाचा कर्करोग, स्वतःला कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते वरच्याच ओळीत. हार्मोनचे उपचार द्यायचे का, कोणत्या रूपात द्यायचे, हे त्यावर बरंच अवलंबून असतं. उपचार सुरू झाले तर ती तारीखही अ‍ॅपमध्ये टाका, कारण पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून डाग दिसू शकतात आणि पुढच्या भेटीत डॉक्टर नेमकं तेच विचारणार.