स्मिता पाटील यांची पत्रिका मांडताना

पहिली चूक जन्मगावाची होते. घराणं खान्देशातल्या शिरपूरचं, म्हणून लोक पत्रिकेत शिरपूर घालतात. जन्म पुण्याचा, 17 ऑक्टोबर 1955. दोन्ही गावांच्या रेखांशात साधारण एका अंशाचा फरक, म्हणजे स्थानिक वेळेत सुमारे 4 मिनिटं. अक्षांशही वेगळे, त्यामुळे लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचक्राचा बिंदू) राशीच्या कडेला असेल तर तेवढ्यानंही बदलतं.

आता रवी बघा. लाहिरी अयनांश (भारतीय आणि पाश्चात्त्य राशीचक्रांतल्या अंतराचा आपल्याकडे रूढ आकडा) धरला, तर नेमका याच तारखेच्या आसपास रवी कन्येतून तुळेत जातो. पाश्चात्त्य पद्धतीत तो तुळेतच. जुन्या नियमानं तुळेचा रवी नीच (सर्वात दुबळा) आणि शनी उच्च (सर्वात बलवान). लाहिरीनं त्या दिवशी शनी तुळेतच होता. सत्ता-मानापेक्षा कष्ट, शिस्त आणि सामान्य माणसाची बाजू, असं फलित इथून काढतात. ‘नीच’ वाचून दचकू नका, एका ग्रहावर पत्रिका ठरत नाही.

खात्रीची जन्मवेळ नसेल, तर लग्न आणि दशमस्थानावर (कर्माचं दहावं घर) बोलूच नका. लग्न साधारण दोन तासांत बदलतं, नवमांश लग्न (राशीचे नऊ भाग करून काढलेलं) तेरा-चौदा मिनिटांत. तेव्हा चंद्रकुंडली (चंद्राची रास पहिलं घर धरून) मांडा, आणि त्या दिवसात चंद्रानं रास बदलली का तेवढं पंचांगात पाहून घ्या.

कलेसाठी शुक्र आणि पंचमेश (पाचव्या घराचा स्वामी ग्रह) पाहतात. फलित आधी वहीत लिहा, मगच 1985 ची पद्मश्री, डिसेंबर 1986 मधलं निधन या नोंदी उघडा. उलट केलंत तर प्रत्येक ग्रह तुम्हाला हवं तेच बोलतो.