कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम कसा आखावा

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. त्यामुळे कॉलेजच्या संघाची वाट आधी आपल्या विभागातील सामन्यांतून आणि मग आंतरविभागीय सामन्यांतून जाते. पुढे निवडक खेळाडूंचा विद्यापीठ संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. बाद पद्धतीत एक सामना हरला की वर्षाचा हंगाम ४० मिनिटांत आटोपतो. म्हणून सरावाची आखणी जूनपासून पुढे न करता पहिल्या सामन्याच्या संभाव्य तारखेपासून मागे मोजत करावी. विद्यापीठाचे परिपत्रक जिमखान्यात येताच प्रवेशाची मुदत आणि पात्रतेच्या अटी पाहून कागदपत्रे पुरी करावीत. हे काम कर्णधारावर न सोडता क्रीडा संचालकांनी स्वतःच्या हाती ठेवलेले बरे.

कोल्हापुरात खरी अडचण पावसाची आहे. कॉलेज सुरू होते तेव्हाच पाऊस धरतो आणि बहुतेक कॉलेजांचे कोर्ट उघड्यावरचे, सिमेंटचे असते. ओल्या सिमेंटवर मुलांना पळवणे म्हणजे हंगामाआधीच दोन-तीन घोटे मुरगळून घेणे होय. त्या हट्टाची किंमत मी एका वर्षी मोजली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सभागृह किंवा रुंद व्हरांडा मागून घ्यावा आणि तिथे रिंगशिवाय होणारे सगळे उरकावे: दोन्ही हातांनी ड्रिबल, भिंतीवर पास, गुडघे वाकवून आडवे सरकणे, उडी मारून दोन्ही पायांवर तोल सांभाळत उतरणे. तालमीत घाम गाळलेली मुले संघात असतातच. बैठकांनी त्यांच्या मांड्या भरलेल्या असतात, परंतु बास्केटबॉलला लागते ती एकदम थांबून, दिशा बदलून पुन्हा वेग घेण्याची सवय, आणि ती वेगळीच लावावी लागते.

उघडीप मिळून कोर्ट वाळले की मात्र तो वेळ व्यायामात घालवू नये, रिंगसाठीच राखावा. ले-अप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन उडी मारत टाकलेले चेंडू, दोन्ही बाजूंनी घ्यावेत आणि त्यानंतर फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल रेषेवर उभे राहून कोणाच्या अडथळ्याविना मारायचे फटके. आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. सरावाच्या आरंभी ताज्या दमाने सलग पन्नास फ्री थ्रो मारणाऱ्या मुलाला सामन्यात शेवटच्या मिनिटाला दोन मारताना धाप लागलेली असते, म्हणून कोर्टाच्या दोन फेऱ्या पळवून लगेच दोनच फ्री थ्रो मारायला लावावेत, पुन्हा पळवावे, पुन्हा दोन, आणि प्रत्येकाचा हिशेब वहीत लिहावा. ऑगस्टच्या अखेरीस ती वही पाहिली की शेवटच्या क्षणी कोणाला कोर्टवर ठेवायचे याचा वाद उरत नाही.

निवड करताना उंचीला भुलू नये. रिंग ३.०५ मीटरवर असते हे खरे, पण पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेला मध्यम उंचीचा मुलगा पायांच्या चपळाईने बचावात अनेकदा उंच मुलाला भारी पडतो. पाच वैयक्तिक फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो, त्यामुळे रिंगखाली खेळणारे किमान तिघे तयार हवेत. गणेशोत्सवात मंडळाच्या कामामुळे निम्मा संघ गायब होतो. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत सकाळी सहाचा तासभराचा सराव ठेवावा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीच द्यावी.

सामन्याची तयारी नियमांना धरून असावी. दहा मिनिटांच्या प्रत्येक डावात संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या बचावातील फाऊलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून बेंचवरच्या एकाने फक्त फाऊल मोजावेत आणि चौथा होताच ओरडून सांगावे. चेंडू आठ सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा आणि २४ सेकंदांत रिंगवर मारायचा असतो. सरावात घड्याळ नसेल तर कोणी तरी मोठ्याने आकडे मोजावेत. टाइम-आऊट पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन मिळतात. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्यांनी सलग आठ-दहा गुण घेतले, तर टाइम-आऊट जपून न ठेवता तिथेच घ्यावा. बाद सामन्यात मागे पडलेली पोरे घाईने लांबून चेंडू फेकू लागतात आणि सामना तिथेच हातचा जातो.

संघ लवकर बाद झाला तरी विद्यापीठाच्या निवड चाचणीस ज्यांना बोलावणे येऊ शकते, अशा दोघा-तिघांचा सराव थांबवू नये. दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा असतात, तेवढे दिवस सोडावेत. त्यानंतर थंडीत कोर्ट खडखडीत कोरडे असते, स्पर्धा मात्र उरकलेली असते आणि गावाचे लक्ष शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलकडे वळलेले असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना रोज तासभर रिंग मोकळी मिळते ती याच दिवसांत. तेव्हा जिमखान्याच्या किल्लीची सोय सुट्टीपूर्वीच लावून ठेवावी.