म्युनिकमध्ये शिकायला येताय? या चुका टाळा

सप्टेंबरात मराठी मुलांची नवी तुकडी म्युनिकला उतरते आणि ऑक्टोबर सरेपर्यंत मला तेच ते फोन येत राहतात. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं, पत्ता.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. "खोली स्वस्त आहे, फक्त आनमेल्डुंग होणार नाही" असं कोणी म्हणालं की तिथेच नमस्कार करा. मग मुलं विचारतात, "दादा, मित्राचा पत्ता लावू का?" नका लावू. जिथे राहत नाही तिथली नोंदणी केली तर दंड होऊ शकतो.

नोंदणी झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. सांगलीच्या एका मुलाने सगळं वेळेत केलं. तरी बँकेचं कार्ड नाही, पिन नाही (ही दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांतून येतात) आणि टॅक्स आयडीचा, म्हणजे पगारातला कर कापायला लागणाऱ्या नंबराचा, तर पत्ताच नाही. रोज हेल्पलाइनला फोन आणि इथल्या पोस्टाच्या नावाने शिमगा. एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा जिन्याखाली पत्रपेट्या दिसल्या. पठ्ठ्याने पेटीवर घरी हाक मारतात ते नाव लिहून चिकटवलं होतं! इथल्या इमारतींत बहुधा फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन आडनाव शोधतो. ते दिसलं नाही की पत्र आल्या वाटेने परत. टॅक्स आयडी फोनवर सांगत नाहीत, पुन्हा मागवला की पुन्हा काही आठवडे थांबा. तोवर त्याला अर्धवेळ कामाचा पगार जादा कर कापून मिळत होता.

माझी सवय अशी: नव्या घरात बॅग उघडण्याआधी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावायचं. पासपोर्टवरच्या स्पेलिंगने, ठळक अक्षरात. कोणाकडे पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली 'बाय' (bei, म्हणजे 'यांच्याकडे') लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घाला.

"मी लंडनमध्ये आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरियरने पाठवतो" म्हणणारा घरमालक चोर असतो. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी पैसे भरतंच. घाई नडते, दुसरं काय! त्यात सप्टेंबरअखेर ऑक्टोबरफेस्टमुळे हॉटेलांचे दर चढलेले असतात, म्हणून पहिल्या महिन्याची सोय भारतातूनच करून या. स्टुडंट हॉस्टेलसाठी प्रवेश मिळताच अर्ज करा, तिथली प्रतीक्षायादी सेमिस्टरांत मोजतात. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून असलेल्या भाड्यापेक्षा, जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. मागायला लाजू नका.

तिशीच्या आत असाल तर सरकारी पद्धतीचा आरोग्य विमाच घ्या. चार युरो वाचतात म्हणून खासगी घेणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता जवळपास बंदच.

रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र कचऱ्यात टाकू नका. टीव्ही नसला तरी महिना १८.३६ युरो लागतातच, पण घरामागे, माणसामागे नाही. रूममेट भरत असेल तर त्याचा शुल्क भरण्याचा नंबर कळवा.

बस-ट्रेनचं छापील पट्टी-तिकीट (श्ट्राइफेनकार्टे, प्रवासागणिक पट्ट्या वापरायच्या) घेतलंत तर ट्रेनसाठी फलाटावर जाण्याआधी आणि बस-ट्राममध्ये चढल्या चढल्या मशीनमध्ये शिक्का मारा. नाहीतर ६० युरो दंड.

रविवारी दुकानं बंद असतात. दूध आणि कांदे शनिवारीच आणा.

आणि कुकर आणायचाच असेल तर तळ इंडक्शनला चालणारा बघून घ्या, साधा अॅल्युमिनियमचा इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही.