नातेवाइकांकडे राहून रोम आणि पाँपेई पाहताना

रोममध्ये नातेवाइकांच्या घरी उतरणार असाल, तर शेंगेन व्हिसाच्या (इटलीसह बहुतेक युरोपीय देशांसाठीच्या सामाईक व्हिसाच्या) अर्जाला त्यांचे निमंत्रणपत्र आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा जोडावा. तुम्ही पोहोचल्यावर ४८ तासांच्या आत यजमानांनी स्थानिक पोलिसांना लेखी कळवायचे असते, आणि गप्पांच्या नादात नेमके हेच राहून जाते. लोणचे चेक-इनच्या सामानात ठेवावे, पेढे मात्र घरीच ठेवावेत, कारण दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. कोलोसियमचे तिकीट नावानिशी मिळते, म्हणून पासपोर्ट जवळ बाळगावा. पाणी विकत घेऊ नये: रस्तोरस्ती असलेल्या लोखंडी नळांची तोटी बोटाने दाबली, की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि मुले तिथून हलत नाहीत. पाँपेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराच्या अवशेषांत, सावली फार कमी असल्याने सकाळीच जावे.