सांगलीत जुन्या गाड्यांचं दुकान: कमी पैशात जाहिरात

नवं दुकान टाकलं की पहिला पैसा फ्लेक्सवर घालू नका. आधी गुगल मॅपवर दुकानाची नोंद करा, ती फुकट होते. वेळ, फोन आणि विश्रामबागेकडून यायची खूण नीट टाका.

खरी मेहनत फोटोंवर घ्या. गाडी धुऊन सकाळी कोवळ्या उन्हात मोकळ्या जागी उभी करा. चारही बाजू, किलोमीटरचा आकडा, टायरची नक्षी, इंजिन आणि जिथं ओरखडा आहे तिथला अगदी जवळून फोटो. ओरखडा लपवलात तर मिरजेहून आलेलं गिऱ्हाईक तो बघून तसंच माघारी जातं, वर चार जणांना सांगतं. किंमत, मॉडेलचं वर्ष, कितवा मालक, विम्याची मुदत लिहायचीच.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून चौकशीला आलेल्या प्रत्येकाला तिथंच नंबर सेव्ह करायला सांगा.

फेसबुकवर पैसे लावायचे तर एकाच गाडीवर लावा: सांगलीभोवती 40 किलोमीटर, रोज 200 रुपये, पाच दिवस. गाडी विकली की जाहिरात त्याच दिवशी बंद.